कासवापुरतं ऊन

लग्न होऊन रोह्याहून पेणला आले तेव्हा माझ्या मांडीवर घमेलं होतं आणि घमेल्यात कासव. गाडीतले सगळे हसत होते. हसेनात का! मी नववीत असताना वडिलांनी धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून येताना ते माझ्यासाठी आणलं होतं. तेव्हा बिस्किटाएवढं होतं, आता बशीत मावत नव्हतं.

रोह्याला ते मागच्या दारी धुण्याच्या दगडावर ऊन खात पसरायचं. मान लांब, चारही पाय ताणलेले, सुट्टीवरच्या माणसासारखं. त्याची वेगळी काळजी कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

सासरी गणपतींचा कारखाना. शाडूच्या ओल्या मूर्तीला कडक ऊन लागलं की तडा जातो, म्हणून अख्ख्या अंगणावर हिरवी जाळी आणि जाळीवर ताडपत्री. सासऱ्यांचा जन्म मूर्ती सावलीत वाळवण्यात गेलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी घमेलं उचलून आत, मूर्तींच्या फळीखाली ठेवलं. म्हणाले, "उन्हात पाठ तडकंल गो त्याची." प्रेमानं केलं होतं, त्यामुळे मला भांडताही येईना.

थंडी पडली तसं कासवानं खाणं टाकलं. एका सकाळी पाणी बदलताना त्याच्या पाठीच्या कडेला अंगठा लागला आणि कवच चक्क दबलं. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि तेच माझ्या हातात मऊ पडत चाललं होतं.

पिशवीत घालून तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कॅल्शियमचं औषध दिलं आणि बजावलं, की अंगावर ऊन पडल्याशिवाय हे औषध त्याच्या अंगी लागायचं नाही. काचेतून आलेलं ऊनही उपयोगाचं नाही. रोज सकाळचं उघडं ऊन हवं, आणि तापलं तर सरकायला शेजारी सावली.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "जाळी काढायची नाय. ऑर्डरी पडल्यात."

माझं डोकं फिरलं. "मामा, मूर्तीला वाळायचंय. याला जगायचंय!"

कारखान्यात सगळ्यांचे हात थांबले. नवरा तेवढा खाली मान घालून उंदराच्या शेपटीला रंग देत राहिला. त्याचा तर मला जास्तच राग आला.

सासरे उठले, हात धुतले, कासव उचललं आणि अंगठ्यानं पाठ दाबून पाहिली, मूर्ती वाळली का बघतात तशी. मग म्हणाले, "कच्चं हाय गो." अंगणाच्या एका कोपऱ्यातल्या मूर्ती त्यांनी एकेक करून स्वतः हलवल्या, शिडी लावली आणि ब्लेडनं जाळी-ताडपत्रीला सुपाएवढं भोक पाडलं. अंगणात उन्हाचा एक तुकडा पडला. त्यात त्यांनी स्वतःचा बसायचा पाट ठेवला आणि पाटावर कासव.

पहिले काही दिवस ते हललंही नाही. मी तिथेच भाजी निवडत बसायचे, कावळ्यांना हाकलायला. मग एका सकाळी मान बाहेर आली, पुढचे पाय ताणले गेले, आणि दुपारी त्यानं पालकाचं पान ओढून नेलं. मी अंगणात नाचायचीच बाकी होते.

उन्हाळा लागायच्या आत पाठ टणक झाली. वडील रोह्याहून आले तेव्हा महाराज पाटावर पाय पसरून पडले होते. सासऱ्यांनी पाठीवर बोटानं टकटक करून दाखवली. "बघा व्याही, कसं खणखणीत हाय आमचं कासव."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. ते काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "व्हय, आमचंच."