उतार किती लांब हवा

मिरजेच्या फलाटावर आप्पांनी मला नेहमीसारखं पाठुंगळी घेतलं आणि डब्यात चढवलं. मी तेवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, पर्समध्ये कॉम्प्युटरचा डिप्लोमा, आणि बापाच्या पाठीवर! डबा बघत होता. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून डाव्या पायाला लोखंडी कॅलिपर आणि डाव्याच बगलेत कुबडी. शाळा, कॉलेज, लग्नघरं, सगळीकडे मी अशीच पोचले. गाडी हलली तसे आप्पा खिडकीशी चालत म्हणाले, "कुंदा, आपल्यापायी कुणाला त्रास होता कामा नये." आईने शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तेवढा खिडकीतून आत सरकवला.

मी बेंगलोरला निघाले ती पेपरातल्या एका जाहिरातीमुळे. तिच्या शेवटी लिहिलं होतं, "अपंग उमेदवारांनीही अवश्य अर्ज करावा." त्या "अवश्य"वर मी भाळले. तोवरच्या मुलाखतींत मला नोकरीऐवजी सल्लेच मिळाले होते.

कंपनी इंदिरानगरात, एका जुन्या बंगल्यात, सत्तरेक माणसांची. काम सॉफ्टवेअर तपासायचं. दाराशी तीन पायऱ्या, मिळून दीड फूट उंच. रोज वॉचमन मुनियप्पा एका बाजूने आणि शेजारच्या टेबलावरची शीला दुसऱ्या बाजूने धरून मला वर न्यायचे. बायकांचा संडास बाहेर अंगणात होता, म्हणजे पुन्हा त्याच पायऱ्या, म्हणून मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही. सहा महिने प्रोबेशन होतं. त्रास देणारी म्हणून परत पाठवलं असतं, तर मिरजेला कोणत्या तोंडाने उतरले असते?

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, सकाळी फाटकातून आत शिरले तर सगळे अंगणात उभे. कॉम्प्युटरना कुंकू लावून झालं होतं, साहेबांच्या स्कूटरला हार होता, फोडलेला कोहळा वाटेत पडला होता. आणि पायऱ्यांच्या जागी नवाकोरा उतार! काळाभोर ग्रॅनाइट, आरशासारखा घोटलेला, दोन्ही कडांना झेंडू. आमचे साहेब, रंगनाथ सर, मुंज झालेल्या बटूसारखे खुलले होते. माझे तर डोळेच भरले. उभ्या जन्मात माझ्यासाठी कुणी काही बांधलं नव्हतं.

मी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि कुबडी सटकली. धाडकन बसले ती झेंडूसकट घसरत खाली आले.

सरांनी धावत येऊन उठवलं. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, कुंदा," ते म्हणाले. जरा सांभाळून घे, एवढाच अर्थ; बेंगलोरात हे वाक्य बसमधल्या सीटपासून लग्नाच्या बोलणीपर्यंत कुठेही चालतं. "इथे कायम दोघं उभी राहतील तुला धरायला."

कानात आप्पा होतेच. प्रोबेशन संपेस्तोवर हो म्हणून टाकावं, एवढी अक्कल मला होती. पण जिभेला हाड नाही ना! म्हटलं, "सर, धरायला माणसं पायऱ्यांवरही होती. उतार तुम्ही प्रेमाने बांधलात, पण मला विचारलं नाहीत."

झालं, संपली नोकरी, असंच मला वाटलं. सर उतारावर दोन पावलं चढले, स्वतःच घसरले आणि मुनियप्पाच्या खांद्याला धरून उभे राहिले. "खरंच नाही विचारलं," ते म्हणाले. "मग कसा हवा?"

अहो, हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. आप्पांनीही नाही. त्यांनी पाठ दिली, वीस वर्षं दिली, पण विचारलं नाही. आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मेस्त्री आला. तो फळ्या टाकायचा, मी चढून बघायचे, तो "सरी?", म्हणजे "ठीक?", असं विचारायचा, मी मान हलवायचे. अठरा फुटांवर एकदाचं "सरी" झालं. खरबरीत सिमेंट, उजव्या हाताला कठडा. उतरताना तोच कठडा डाव्या, कुबडीच्या हाताला येतो, हे मात्र माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी शहाणी! मेस्त्रीला पुन्हा बोलवावं लागलं. सरांच्या स्कूटरची सावलीतली जागा उतारात गेली. त्यांनी थोडी कुरकुर केली, पण जागा दिली. मी पाणी प्यायला लागले.

पुढल्या भरतीच्या फॉर्मवर एक ओळ वाढली: "काम करायला तुम्हाला काय लागेल?" ती वाचून हुबळीचा एक कर्णबधिर प्रोग्रामर आला, तान्ह्या बाळाची एक आई आली. कंपन्यांच्या मोठमोठ्या शब्दांना मी आजही नाक मुरडते. पण त्या ओळीवर माझा भरवसा आहे. माणसं चुकतात, आणि विचारलं तर सुधारतातही, हे मी अंगणात बसकण मारून शिकले.

घरी मी हे सगळं लिहून कळवलं. महिन्याने आप्पांचं पोस्टकार्ड आलं. "चि. कुंदास, मागच्या दाराशी उतार करावा म्हणतो. किती लांब हवा ते कळव. विचारल्याशिवाय बांधत नाही." हॉस्टेलच्या दारातच मला रडू फुटलं.

मी उत्तर लिहिलं: पायरी फूटभर, म्हणजे इथल्याच हिशेबाने उतार बारा फूट, खरबरीत. पण आईचा धुण्याचा दगड आड येतोय, तिला त्रास होईल, तर राहू द्या.

मिरजेत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, मला इथे तीस वर्षं होत आली. भाजीवालीशी मी कन्नडमध्ये भांडते, हिशेब मराठीत करते. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मला ते दुसरं पोस्टकार्ड आठवतं. ते आईच्या हातचं होतं, आणि आई कधी पत्र लिहीत नसे. त्यावर एवढंच होतं:

"दगड हलवला. ये."