मॅडम आमच्या घरी आल्या नाहीत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, इथल्या होस्टेलमधल्या मैत्रिणीला नाही, डायरीतसुद्धा नाही — डायरीत मी स्वतःबद्दल बरंच चांगलं लिहिते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात बास्केटबॉल म्हणजे मॅडम. जवळच्याच तिगावच्या. कोच त्याच, क्रीडा अधिकारीही त्याच; कोर्टाच्या रेषासुद्धा त्याच रंगवायच्या. बाहेरगावी खेळायला जायचं तर वडिलांच्या सहीचं संमतीपत्र लागायचं, आणि मुलीच्या हातून आलेलं पत्र मॅडम घेत नसत. स्कूटीवर प्रत्येकीच्या घरी जायच्या, चहा घ्यायच्या, वडिलांची सही समोर बसून घ्यायच्या. म्हणून तर मुली खेळल्या.

छिंदवाड्याच्या स्पर्धेआधी त्या मला म्हणाल्या, "उद्या तुह्या घरी येतो वं."

"नको मॅडम. मीच सही आणते."

त्यांनी कोरं संमतीपत्र माझ्या हातात दिलं. "ठीक आहे. तुह्यावर भरोसा आहे बाप्पा."

माझ्या शुद्ध बोलण्याला चिडवत मागून एक पोरगी म्हणाली, "हिच्या घरी चहा भी इंग्लिशमधे भेटते का वं?" सगळ्या हसल्या. मीही.

चहाच तर होता प्रश्न. मॅडम बौद्ध. आमच्याकडे त्यांना कोणत्या कपात चहा मिळेल, हे मला ठाऊक होतं — तो कप स्वयंपाकघराच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. त्यांना तो दिसू नये, असं मी स्वतःला सांगितलं. किती सभ्य कारण, नाही?

बाबा माझ्या एकटीचं ऐकणार नव्हते; त्यांची सही मीच केली. घरी सांगितलं, सौंसरला मावशीकडे जाते. नेमका त्याच दिवशी मावशीचा घरी फोन आला. आम्ही परतलो तेव्हा बाबा प्राचार्यांच्या खोलीत बसले होते, संमतीपत्र टेबलावर. मला आणि मॅडमना आत बोलावलं.

"सही कोणी केली?" बाबांनी विचारलं.

"मी. मॅडमनी करायला सांगितलं."

इतकं सोपं वाक्य.

"तुम्ही हिच्या घरी गेल्या होत्या?" प्राचार्यांनी मॅडमना विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. का गेल्या नाहीत, ते बोलल्या नाहीत. एकदा माझ्याकडे पाहिलं फक्त. मी टेबलाच्या काचेकडे पाहत राहिले.

क्रीडा विभाग त्यांच्याकडून काढून घेतला. आता त्या शिष्यवृत्तीच्या खिडकीत बसून फॉर्म घेतात. पुढच्या वर्षी मुलींची टीम झालीच नाही — घरोघरी कोण जाणार? कोर्टावर स्टाफच्या गाड्या उभ्या राहतात.

घाबरून बोलले, असं म्हणू का? पण मी घाबरले नव्हते. हे मी इतकी वर्षं स्वतःपासूनही लपवलं — ते वाक्य बोलल्यावर मला हलकं वाटलं होतं. आता मॅडम आमच्या घरी कधीच येणार नव्हत्या.

गेल्या सुट्टीत घरी गेले. खिडकीतला तो कप विसळायची वेळ माझ्यावर आली. मी तो दोन बोटांच्या टोकांनी धरला.