पहिला क्लायंट नारळ घेऊन आला

राजेहो, राइस मिलमधली नोकरी सोडून मी मूल गावात लाइफ कोचचं ऑफिस उघडलं. आठवडाभर चिटपाखरू फिरकलं नाई.

आज पहिला क्लायंट आला. चपला बाहेर काढल्या, टेबलावर नारळ ठेवला. पाहतो तं माह्ये बाबाच!

"जाणत्या माणसाकडं खाली हातानं जाऊ नये," म्हनले. "साहेब, आमच्या पोट्ट्यानं चांगली नोकरी सोडली. काय करू?"

मी कोचच्या आवाजात म्हनलं, "त्याच्यावर विश्वास ठेवा."

"ठेवला. पन धंदा नाई चालला तं?"

मी टेबलावरचा नारळ इकडचा तिकडं केला.

बाबा उठले, समोरच्या चहाटपरीवर गेले अन् मोठ्यानं म्हनले, "लय गुण हाय गा या साहेबाच्या हाताले!"

आता बाहेर तिघं बसून हायेत. तिघांच्याही हातात नारळ.

राजेहो, त्याइले काय सांगू? बाबाच्या प्रश्नाचं उत्तर तं मलेच सापडून नाई राह्यलं.