चौतीस मिलिमीटर

तीस वर्षं गालात सुपारी दाबून ठेवली, तिचं बक्षीस म्हणून माझं तोंड हळूहळू बंद होत गेलं. शेवटी दोन बोटंही आत जाईनात. डॉक्टरांनी दोन्ही गालांतले आवळलेले पट्टे कापले, टाके घातले आणि घरी पाठवताना बजावलं की रोज तोंड ताणलं नाही तर सगळं पुन्हा आवळेल आणि परत ऑपरेशन करावं लागेल. तोंड पस्तीस मिलिमीटर उघडलं पाहिजे, म्हणाले.

व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दाढांमध्ये धरायची आणि मधोमध एकेक काडी सरकवत जायची. ऐकायला काय, सोपंच वाटतं. आठव्या काडीला मला माझी वारलेली आई आठवायची.

मी इकडे हिंदी मुलखात, खमरियाच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवणारा, असा माझा लौकिक. त्यामुळे घरचा व्हर्नियर उकळत्या पाण्यातून काढून आरशासमोर मीच माप घ्यायचो आणि कॅलेंडरवर लिहायचो. पाचव्या दिवशी बायकोनं आधी कॅलेंडर पाहिलं, मग मला.

"काड्या कालच्याइतक्याच लावल्या, अन् माप दोननं काहून वाढून राहिलं जी?"

बोलता येत नव्हतं, म्हणून पाटीवर लिहिलं, 'सूज उतरली.' चोर तो चोर, वर शिरजोर!

"कारखान्यात तर सांगता, ज्यानं माल बनवला त्यानं तो पास करायचा नाही. मग आना इकडे."

व्हर्नियर तिच्या हातात गेला. वाचायला तिला मीच शिकवलं होतं, कोणाला दोष देणार? मी एकोणतीस लिहिलं होतं, निघालं साडेसव्वीस. दुखत होतं म्हणून दोन दिवस मी काड्या अर्धवटच लावल्या होत्या. लाज वाटली, आणि ती पाटीवर लिहिण्याइतकी हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून माझं तोंड तिच्या ताब्यात आणि मापं कॅलेंडरऐवजी तिच्या वहीत. सकाळी गार केलेली पेज, मग दुखण्याची गोळी, अर्ध्या तासानं काड्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, ती पदरानं पुसायची आणि पुढची काडी उचलायची. मी रागानं पाटीवर 'कसाई' असं लिहायचो.

"झालं लिहून? चला, आ करा."

माप घेताना तिचा हात हलायचा नाही. माझ्या हाताखाली नवे लोक शिकून गेले, पण इतका स्थिर हात मी फार कमी पाहिला. बत्तीसवर आकडा चार दिवस अडला, तेव्हा तिनं चार दिवस बत्तीसच लिहिलं. मला धीर यावा म्हणून अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढवला नाही.

टाके विरघळले, थोडं बोलता येऊ लागलं आणि आम्ही दाखवायला गेलो. डॉक्टरांनी स्वतः मोजलं. चौतीस. बायकोच्या वहीत सकाळचं माप होतं, तेही चौतीसच. डॉक्टर खूश झाले.

"बहुत बढ़िया! चलो, पैंतीस लिख देते हैं। अब लकड़ी बंद, आराम करिए।"

मला तर आनंदानं उडी मारावीशी वाटली. बायको मात्र उठून टेबलाजवळ गेली.

"नहीं डॉक्टर साहब, चौंतीस है, तो चौंतीस लिखिए। एक बाकी है, हम घर में कर लेंगे।"

डॉक्टर हसले आणि माझ्याकडे पाहू लागले. मी नुसतं हो म्हटलं असतं तर त्या दिवशीच सुटलो असतो. गाल ठणकत होते, पण तिच्याकडे पाहून ऊर जितका भरून आला, तितका माझ्या स्वतःच्या कामानं कधी आला नव्हता.

"ये जो बोल रही हैं, वही लिखिए," मी म्हणालो. ऑपरेशननंतर इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच बोललो होतो.