सागवानाचा डबा

शेजारच्या दाराला सुतार रंधा मारून राह्यला होता. ताज्या सागवानाचा वास आला की मी थेट सागाच्या जंगलातल्या आलापल्लीच्या आमच्या अंगणात पोचते.

दादाने स्पोर्ट्‌स सेडान घेतली होती. तिच्यात स्टिरिओ बसवायला चंद्रपूरहून मिस्त्री आला. डिकीतल्या मोठ्या स्पीकरचा डबा प्लायवूडचाच हवा, असं त्याने आधीच कळवलं होतं. पण बाबांचा जन्म लाकडं चिरायच्या आरा मशीनवर गेलेला. "आलापल्लीत राहून प्लायवूड? लोकं काय म्हनतीन?" म्हणत त्यांनी सागवानाचा डबा स्वतः बनवला.

मिस्त्रीने वायरी जोडून गाणं लावलं, तर अख्खा डबा घुमायला लागला. "म्हनलं होतं ना भाऊ, सागवान थरथरते," तो म्हणाला. दादाचा चेहरा पडला. डब्याचे स्क्रू काढायला त्याने पेचकस उचलला.

बाबांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. मशीनच्या आवाजाने त्यांचे कान कधीच गेले होते. ते डिकीपाशी आले आणि डब्यावर तळहात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "ढोल वाजून राह्यला ना?"

गाण्यात ढोलच वाजत होता. दादाने पेचकस खिशात टाकला. गाडी विकेपर्यंत तो डबा तसाच घुमत राहिला.

तेव्हा मला फक्त नवल वाटलं होतं. आता वाटतं, त्या हाताला आणखी काय काय कळत असेल?

सुताराचा मोबाइल फळीवरच गात होता. मी जाऊन फळीवर तळहात ठेवला, डोळे मिटले.

"काय पाहून राह्यल्या, बाई?"

"आयकून राह्यले," मी म्हटलं.