लाल दिवा लागला की बटण दाबायचं

आमच्या घरात दोन माणसं सपोर्टमध्ये आहेत, म्हणजे लोकांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटर सिस्टिम्स सुरू करून द्यायचं काम करतात. एक मी आणि दुसरा माझा नवरा. रोज कुणीतरी फोन करून सांगतं की एरर आला, आम्ही रीस्टार्ट केलं, परत आला, परत रीस्टार्ट केलं. मग आम्ही अत्यंत गोड आवाजात विचारतो, की बाबा रे, लॉग वाचलास का? लॉग म्हणजे कधी काय बिघडलं याची लिहून ठेवलेली नोंद. ती कुणीही वाचत नाही, आणि कुणी वाचत नाही म्हणूनच इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये आमचं स्वतःचं घर झालं.

घर जुनं आहे. विकणाऱ्या बाईने त्याला ‘कॅरेक्टर’ आहे असं सांगितलं होतं. इथे भिंतीला भेग असली की घराला कॅरेक्टर असतं. तळघरात एक गॅस बॉयलर आहे, भिंतीवर टांगलेला पांढरा डबा. घर तोच गरम करतो आणि नळाला गरम पाणीही तोच देतो. त्याच्या धुराची नळी भिंतीतून बाहेर, गॅरेजच्या बाजूला निघते. ही शेवटची माहिती मला त्या जानेवारीपर्यंत नव्हती. आपण पोळी खातो तेव्हा गिरणीचा पट्टा कुठून कुठे जातो हे विचारत नाही, तसंच.

त्या जानेवारीत सासूबाई नागपूरहून आल्या. वरची जादा खोली नवऱ्याच्या ऑफिसने बळकावली होती, कारण दोन मॉनिटर आणि एक फिरती खुर्ची यांना खोली लागते. म्हणून सासूबाईंची सोय तळघरात, बॉयलरच्या शेजारच्या खोलीत केली. आम्ही तिला गेस्ट स्वीट म्हणायचो. बॉयलरमुळे तिथे ऊब असते, हे आम्ही त्यांना इतकं पटवून सांगितलं की त्या बिचाऱ्या आमचे आभार मानायला लागल्या.

आल्या आल्या त्यांनी ठेचा केला. मिरच्या तव्यावर पडल्या आणि घरातले सगळे अलार्म एकदम बोंबलायला लागले. आमच्याकडे ते एकमेकांना जोडलेले आहेत, एक ओरडला की तळघरापासून माळ्यापर्यंत सगळे ओरडतात, आणि मध्येच त्यांच्यातली रेकॉर्ड केलेली बाई इंग्रजीत ‘आग, आग’ सांगते. ते धुरासाठीही असतात आणि विषारी गॅससाठीही. आता, फोडणी घालणाऱ्या माणसाने या देशात राहायचं कसं? आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात यावर आपापला तोडगा आहे. कुणी अलार्मला शॉवर कॅप घालतं, कुणी खाली उभं राहून टॉवेल हलवतं. माझा नवरा मुळापासून प्रश्न सोडवणारा असल्यामुळे त्याने शिडी आणली, सगळेच्या सगळे अलार्म उतरवले आणि पोळपाट-लाटण्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिले. आई आहे तोवरच, असं म्हणाला. ठेचा मात्र झकास झाला होता, खोटं कशाला बोलू.

पुढच्या आठवड्यात बर्फ पडला. नवऱ्याने नवा स्नो ब्लोअर घेतलेला होता. लहान मुलाला पिचकारी द्यावी तसा तो गडी ड्राइव्हवेवर दोन तास बर्फ उडवत होता. सगळा बर्फ नीट गॅरेजच्या बाजूला, भिंतीला लागून, छातीएवढा रचला. फोटो काढून इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला.

दुसऱ्या दिवशी बॉयलर बंद पडला. डब्यावर लाल दिवा आणि छोट्या पडद्यावर ‘ई’ आणि दोन आकडे. नवऱ्याने मॅन्युअल शोधून काढलं. त्यात लिहिलं होतं की हा कोड म्हणजे धूर बाहेर जाण्याच्या वाटेत अडथळा, एकदा रीसेट करून पाहा, परत आला तर प्रशिक्षित तंत्रज्ञाला बोलवा. आम्ही दोघंही हसलो. तंत्रज्ञाला बोलवा, हे सगळ्याच मॅन्युअलमध्ये लिहितात. आम्हीही लिहितो. अंगावर काही येऊ नये म्हणून लिहायचं असतं ते. नवऱ्याने बटण पाच सेकंद दाबून धरलं, बॉयलर घुरघुरला आणि सुरू झाला. आम्ही टाळी दिली.

तीन तासांनी तो पुन्हा बंद झाला. मी दाबलं. पुन्हा बंद, पुन्हा दाबलं. ग्रुपवर विचारलं तर एकाने सांगितलं की आमचाही असंच करतो, लक्ष देऊ नका. दुसऱ्याने हे घर विकूनच टाका असं सुचवलं, आणि एका काकूंनी गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ पाठवलं. एवढा सल्ला पुरेसा होता. पण आम्हा दोघांच्या मीटिंगा, त्यातून सारखं कोण जिने उतरणार? तेव्हा नवऱ्याच्या डोक्यातून ती कल्पना निघाली आणि मी तिला मान डोलावली, हे इथे कबूल करते. सासूबाई तिथेच तर बसलेल्या असतात. त्यांना खाली नेऊन आम्ही ट्रेनिंग दिलं, की लाल दिवा लागला की हे बटण दाबायचं, मनात पाच आकडे म्हणायचे आणि सोडायचं. सासूबाईंनी दोनदा करून दाखवलं. आमच्या ऑफिसात नवीन मुलाला हे शिकवायला आठवडा लागतो. त्या दिवसापासून पंच्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आमच्या घरात ऑन-कॉल ड्यूटीवर होत्या.

त्यानंतर त्यांचं डोकं दुखायला लागलं.

आता माझी बाजूही ऐका. लग्नाला सतरा वर्षं झाली. सासूबाईंचं डोकं मी ओळखते. मी माहेरी निघाले की ते दुखतं, मी भाजीत गूळ घातला की दुखतं. तेव्हा उठता-बसता “बाई, डोकं जड होऊन राहिलं” ऐकल्यावर मी जे करायचं तेच केलं, गोळी दिली आणि वर निघून आले. जेवण जाईना, मळमळतंय म्हणाल्या, तर मनात म्हटलं, माझ्या हातचं आहे ना, मळमळणारच. शनिवारी त्यांना देवळात नेलं. तिथे दोन तासांत बाई टवटवीत. प्रसादाचा शिरा दोनदा घेतला, नागपूरच्याच एक मावशी भेटल्या तर त्यांच्याशी खदाखदा हसल्या. घरी येऊन खाली गेल्या आणि तासाभरात पुन्हा कपाळाला पट्टी. मी नवऱ्याला ऐकवलं की तुझ्या आईचं डोकं देवळात अगदी ठणठणीत असतं, फक्त माझ्या घरात दुखतं.

हे वाक्य खरं होतं. अक्षरशः खरं होतं. मी ते टोमणा म्हणून वापरलं.

चौथ्या दिवशी मी तंत्रज्ञाला बोलावलं. सासूबाईंसाठी बोलावलं असं लिहायचा मोह होतो, पण नाही. अंगाला साबण लावलेला असताना माझं पाणी बर्फासारखं गार झालं, आणि अर्ध्या तासात माझं मोठं प्रेझेंटेशन होतं. थरथरत बाहेर आले आणि फोन लावला. या बाईचा संयम संपायला स्वतःच्या अंगावर पाणी पडावं लागलं.

दुपारी एक उंच, शांत माणूस आला. त्याच्या पिशवीच्या पट्ट्याला गॅस मोजायचं एक छोटं यंत्र अडकवलेलं होतं. तळघराच्या तिसऱ्या पायरीवर ते किंचाळायला लागलं. तो माणूस बॉयलरपर्यंत गेलाच नाही. खाली कुणी आहे का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, सासूबाई आहेत, झोपल्यात. दुपारी त्या कधीच झोपत नाहीत, हे मला तोंडातून शब्द निघाल्यावर कळलं. तो धावत खाली गेला आणि त्यांना धरून वर घेऊन आला. त्यांचे पाय लटपटत होते. नवऱ्याला हाका मारून मी वरच्या खोलीतून बोलावलं आणि आम्ही चौघं होतो त्या कपड्यांत बाहेर, बर्फात.

सासूबाई वाचल्या, हे आत्ताच सांगून टाकते. रात्रीपर्यंत हॉस्पिटलात ऑक्सिजन लावून ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पोहे मागितले. पण आणखी एखादा दिवस गेला असता तर काय झालं असतं हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

अँब्युलन्स येईपर्यंत आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीत बसलो होतो. तंत्रज्ञाने घराला एक चक्कर मारली आणि येऊन खिडकीशी उभा राहिला. धुराची नळी बर्फाखाली गाडली गेली होती, आणि आत तिचा एक सांधा बहुधा सैल होता. बॉयलर बिघडलेला नव्हता, त्याने सांगितलं. तुम्हाला काही होऊ नये म्हणून तो स्वतःहून बंद होत होता. तुम्ही त्याला प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करत होता, आणि बाहेर न गेलेला विषारी गॅस, कार्बन मोनॉक्साइड, घरात भरत होता. त्याला वास नसतो, रंग नसतो, म्हणून तर अलार्म लागतो. मग त्याने अलार्मचं विचारलं. मी पोळपाटाकडे, म्हणजे स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं. शेवटी त्याने विचारलं, की रीसेट किती वेळा केलं?

नवरा म्हणाला, दोन-तीनदा.

मागच्या सीटवरून सासूबाईंनी शालीतून एक वही काढली. त्यांची रोजची रामनामाची वही. एवढ्या गडबडीत घरातून त्यांनी तेवढीच उचलली होती. मागची पानं उघडून त्यांनी ती माझ्या हातात दिली. तिथे त्यांच्या ठळक, सरळ अक्षरात तारीख, वेळ, लाल दिवा, दाबलं, अशी ओळीखाली ओळ होती. चार दिवसांत एकतीस वेळा. इतका स्वच्छ लॉग मी नोकरीत कधी पाहिलेला नाही.

तंत्रज्ञाने वाचून दाखवायला सांगितलं. मी एकेक ओळ इंग्रजीत सांगायला लागले. सव्वाअकरा, लाल दिवा, दाबलं, डोकं जड. दोन वाजता, दाबलं, गरगरून राहिलं. शनिवारी सकाळी, दाबलं, ओकारी. मग देऊळ, आणि त्यापुढे लिहिलेलं, आज बरं वाटलं. तो मान हलवत ऐकत होता. नवऱ्याने बर्फाच्या त्या ढिगाकडे तोंड फिरवलं होतं.

शेवटची ओळ त्याच दिवशीची, सकाळची होती. दाबलं, डोकं फुटून राहिलं, उभं राहवत नाही. तिथवर मी सांगितलं. पुढेही लिहिलेलं होतं. मी वही नवऱ्याच्या हातात दिली. त्याने ते मराठीतच वाचलं.

“सूनबाईची मोठी मीटिंग आहे. तिला सांगितलं नाही.”