न बघता घेतलेला बॉल

भोईवाड्याच्या चाळीतला राजरत्न कासारे अमेरिकन फुटबॉल खेळतो म्हटलं की लोक आधी त्याच्या पायांकडे बघतात. या खेळात पाय पळण्यापुरते, बॉल हातातच, हे तो बिचारा समजावत बसतो. "मग त्याला फुटबॉल का म्हणतात?" या प्रश्नाचं उत्तर त्याला अकरा वर्षांत सापडलेलं नाही.

छत्तीस वर्षांचा गडी. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतो, संध्याकाळी एकट्यापुरता कुकर लावतो. आई गेली, लग्नाचं राहून गेलं. रविवारची मैदानावरची सकाळ तेवढी त्याची, आणि तिथे त्याचा म्हणावा असा एकच माणूस होता, सौमित्र.

सौमित्र संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा. राजरत्न रनिंग बॅक, म्हणजे बॉल पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसणारा. ऐकायला सोपं. पण राजरत्न मूळचा कबड्डीचा. चढाया करून करून त्याचा हात आपोआप पुढे जायचा, आणि इथे नेमका हात मारायचा नसतो. एक कोपर वर, दुसरा हात पोटापाशी, मध्ये जागा, आणि नजर समोरच्या फटीवर. बॉल आणून ठेवणं क्वार्टरबॅकचं काम. त्याच्याकडे बघितलंस की मेलास, तेवढ्यात फट बुजते.

सौमित्रने ती खोड मोडली ती चाळीच्या गॅलरीत. डोळ्यांवर रुमाल बांधून राजरत्नला पळवायचा आणि मध्येच पोटात उशी कोंबायचा. शेजारच्या शेवंतीकाकू ओरडायच्या, "मेल्यांनू, लग्नाच्या वयात कसली आंधळी कोशिंबीर?" मॅचमध्ये कधी सौमित्र बॉल दिल्याचं नुसतं नाटक करायचा. राजरत्न रिकामं पोट कवटाळून पळायचा, तिघेचौघे त्याच्यावर तुटून पडायचे, तोवर सौमित्र लांब पास फेकून मोकळा. त्या फुकटच्या मारातही राजरत्नला सुख होतं. आपण पडलो म्हणून तो उभा आहे, एवढं त्याला पुरायचं.

मार्चमध्ये सौमित्र बायकोच्या नोकरीपायी मेलबर्नला गेला.

त्याच्या जागी संघर्ष नावाचा पोरगा आला. तेवीस वर्षांचा, हाताचा सफाईदार, स्वभावाने गोड. पण त्याच्याकडून बॉल घेताना राजरत्नची मान वळायचीच. तीन रविवारांत सहा वेळा बॉल खाली. मॅचच्या दिवशी प्रशिक्षक रघुवीर सरांनी सांगून टाकलं, "राजा, आज मान वळली तर तू बाहेर. तुझं मन किती दिवस सांभाळू?"

संघर्ष हळूच म्हणाला, "दादा, मी आणून ठेवतो. तू फक्त पळ."

रविवार हातचा गेला तर आपल्यापाशी उरणार काय, हा विचार राजरत्नला सोडेना. आणि तरीही संघर्षकडून बॉल नीट बसावा, असं त्याला मनापासून वाटत नव्हतं.

उत्तरार्धात त्याचा डाव लागला. तो निघाला. कोपर वर, नजर समोर. मान ताठ ठेवता ठेवता जबडा दुखला. पोटात बॉल बसला. घट्ट, अकरा वर्षं बसायचा तिथेच. फट उघडली, तो घुसला, एकाला खांद्याने उडवलं आणि शेवटच्या रेषेपार जाऊनच थांबला. टचडाउन! सगळा संघ अंगावर कोसळला. सरांनी पाठीत धपाटा घातला, "बघ, जमतंय की!"

जमलं होतं, आणि तेच त्याला सोसवेना. हा हात सौमित्रचा नाही, हे त्याच्या पोटाला कळलंसुद्धा नव्हतं. ज्याला तो इतकी वर्षं "आमचं दोघांचं" म्हणत होता, ते कुणाही शिकलेल्या हाताला येत होतं.

मॅच संपल्यावर मैदानाच्या कडेला बसून त्याने सौमित्रला मेसेज केला. "संघर्षकडून बॉल घेतला. न बघता. टचडाउन."

एरवी सौमित्रच्या उत्तराला दोन दोन दिवस लागत. आज लगेच आलं. "एक नंबर, भावा! तुझीच काळजी लागून राहिली होती रे. आता मी सुटलो."

राजरत्नने ते तीनदा वाचलं. मग एक अंगठा पाठवला. पलीकडून संघर्ष चहाला चल म्हणून हाका मारत होता. तो "आलो" म्हणाला आणि बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत बसला.